संस्थांची एक मागणी शासनदरबारी कशी न्यावी: नागपूरच्या लहान संस्थांसाठी टप्प्याटप्प्याने

दर डिसेंबरात अधिवेशन नागपुरात आलं की आमदार निवासाच्या आवारात सकाळी सातपासून संस्थांची माणसं उभी दिसतात. हातात प्लॅस्टिकची फाईल, फाईलमध्ये चार पानी निवेदन, निवेदनात पंधरा मागण्या. आमदार बाहेर येतात, निवेदन घेतात, फोटो निघतो. जानेवारीत विचारलं तर ते निवेदन कुठल्या खात्याकडे गेलं हे कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या डिसेंबरात तीच माणसं, तीच फाईल.

यांत कष्टाची कमतरता नसते. चूक होते ती तयारी उशिरा सुरू करण्यात, मागण्या जास्त ठेवण्यात आणि चुकीच्या टेबलावर जाण्यात. वसतिगृह, बालगृह, दिव्यांगांची शाळा, समुपदेशन केंद्र, वस्तीतली अभ्यासिका अशा लहान-मध्यम संस्थांनी मिळून एक मागणी तडीस कशी न्यावी, ते पुढे क्रमाने लिहिलं आहे. उदाहरण म्हणून एकच मागणी धरली आहे: वसतिगृहांच्या परिपोषण अनुदानाचा (मुलांच्या जेवणाखाण्यासाठी शासन देतं त्या पैशाचा) पहिला हप्ता शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला मिळावा. तुमची मागणी वेगळी असेल, टप्पे हेच राहतील.

काम एप्रिलमध्ये सुरू करा. नोव्हेंबरात सुरू केलेलं काम निवेदनाच्या फोटोपुढे जात नाही.

टप्पा १: आधी आपलं दप्तर

शासनाकडे बोट दाखवायच्या आधी आपल्या कपाटातली कागदं बघा. समोरचा अधिकारी पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो आणि ठेवलं की मागणी बाजूला पडते.

पहिला कागद फेरफार अहवालाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले, पत्ता बदलला, मालमत्ता आली-गेली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात अहवाल द्यावा लागतो. आपल्याकडे सर्रास होतं काय? निवडणूक होते, नवे सचिव कामाला लागतात आणि अहवाल राहून जातो. अनुसूची एकच्या उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर) जुनीच नावं, त्यातले दोघे वारलेले. अशा वेळी निवेदनावर सही करणारा माणूस कागदावर संस्थेचा कोणीच नसतो. उतारा काढून आणा आणि आजच्या कार्यकारिणीशी ताडून बघा.

दुसरं, हिशेब. ३१ मार्चला वर्ष संपतं आणि तिथून सहा महिन्यांत लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. गेल्या तीन वर्षांच्या पोचपावत्या एका जागी ठेवा.

तिसरं, आयकर. करसवलतीसाठीच्या २०२१ च्या पुनर्नोंदणीत बहुतेक संस्थांना पाच वर्षांची मुदत मिळाली होती, ती मार्च २०२६ अखेर संपणारी होती. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी करायचा असतो. आपला अर्ज गेला का, आदेश हातात आला का, ते सनदी लेखापालाला तोंडी विचारून थांबू नका, आदेशाची प्रत मागा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. जुन्या लेटरहेडवर छापलेली '१२अ, ८०ग' ही करसवलतीची जुनी कलमं तशीच पुढे चालवण्याआधी त्यांना विचारा.

परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. परदेशी निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर तो निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. एकत्रित मोहिमेचा खर्च कोणी 'आमच्या एफसीआरए खात्यातून करू' म्हणालं तर तिथेच थांबवा.

*तपासा:* उतारा, तीन वर्षांचे हिशेब, आयकराचा आदेश, दर्पण पोर्टलवरचा (केंद्राच्या संस्था-नोंदणी संकेतस्थळावरचा) क्रमांक. यातलं काही अर्धवट असेल तर ती संस्था गटात राहू शकते, पण सही करणाऱ्यांत आणि शिष्टमंडळात तिला पुढे करू नका. हे सांगताना वाईट वाटतं, तरी सांगा.

टप्पा २: सोबती

आठ ते पंधरा संस्था पुरे. पन्नास संस्थांची यादी दिसायला मोठी, पण त्यातल्या पस्तीस बैठकीला येत नाहीत आणि फोन उचलत नाहीत. सुरुवातीलाच महासंघ नोंदवायच्या मागे लागू नका. घटना, पदं, अध्यक्ष कोण, यातच वर्ष जातं आणि माणसं दुखावतात. साधा समन्वय गट करा. प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीचा एक ठराव घ्या: 'अमुक मागणीपुरतं आम्ही या गटासोबत आहोत आणि आमच्या वतीने अमुक व्यक्ती बोलेल.' या एका कागदाने पुढचे निम्मे वाद टळतात.

नाव जपून घ्या. सगळ्या संस्था महाल, सक्करदरा, उत्तर नागपूर अशा शहरातल्याच असतील तर 'विदर्भातील संस्था' असं लिहू नका. विदर्भात अकरा जिल्हे, दोन महसूल विभाग. अधिकारी सरळ विचारतो, 'गडचिरोलीचं कोण आहे?' विदर्भ म्हणायचं असेल तर अमरावती विभागातली, आणि गोंदिया किंवा गडचिरोलीतली संस्था खरोखर सोबत हवी. नुसतं नाव चालत नाही, तिचे आकडे हवेत.

मोठ्या संस्था आणि लहान संस्था यांच्यात एक न बोललेला ताण असतो. मोठ्यांची मंत्र्यांकडे ओळख असते, त्यांचं काम तसंही होतं. लहान संस्थेला वाटतं आपल्याला फक्त सहीपुरतं बोलावलं. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला: बोलायला दोन माणसं ठरवायची, एक मोठ्या संस्थेतलं, एक लहानातलं, आणि आकडे नेहमी लहान संस्थेतल्या माणसाने मांडायचे. ज्याच्या स्वयंपाकघरात डाळ संपते त्याच्या तोंडून तो आकडा वेगळा ऐकू येतो.

*सावधान:* गटाचे पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा फोनवरच्या वॉलेटमध्ये गोळा करू नका. छपाई, प्रवास, चहापाणी यांचा खर्च संस्थांनी आळीपाळीने आपापल्या बिलावर करावा. आणि निवडणुकीला उभं राहण्याच्या तयारीत असलेल्या कोणालाही गटाचा प्रमुख करू नका, कितीही भला माणूस असला तरी.

टप्पा ३: पंधरातून एक मागणी

पहिल्या बैठकीत सगळ्यांना बोलू द्या. सगळ्या मागण्या फळ्यावर लिहा. मग प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: यावर सही कोणाची लागते?

इथे डोळे उघडतात. इमारतीचा मालमत्ता कर महापालिकेकडे. अनुदानाचं वितरण त्या त्या आयुक्तालयाकडे: समाजकल्याण, महिला व बालविकास, दिव्यांग कल्याण ही तिन्ही आयुक्तालयं पुण्यात. आदिवासी विकासचे आयुक्त नाशिकला आणि अपर आयुक्त नागपुरात. अनुदानाचा दर वाढवायचा तर मंत्रालय आणि वित्त विभाग. देणगीवरच्या कर सवलतीचं काही असेल तर ते थेट केंद्राचं. म्हणजे आपण ज्या मागण्या एका निवेदनात कोंबतो, त्या वेगवेगळ्या शहरांतल्या वेगवेगळ्या टेबलांच्या असतात. ते निवेदन कोणत्याच एका कारकुनाचं नसतं, म्हणून कोणीच ते उचलत नाही.

आम्ही एकदा सतरा मागण्यांचं निवेदन घेऊन एका वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे गेलो होतो. त्यांनी पहिल्या तीन वाचल्या, पान उलटलं, पुन्हा पहिल्या पानावर आले आणि विचारलं, 'यातलं सगळ्यात आधी काय हवं?' आम्ही सहा जण होतो. सहा उत्तरं निघाली. त्या खोलीतून बाहेर येताना कोणी कोणाशी बोललं नाही.

मागणी निवडताना तीन कसोट्या लावा. ती एका वाक्यात बसते का? तिच्यावर सही करू शकणारा एकच अधिकारी आहे का? आणि त्याने 'मान्य' लिहिलं तर दुसऱ्या दिवशी नेमकं काय बदलेल, हे आपल्याला सांगता येतं का? 'स्वयंसेवी क्षेत्राला न्याय मिळावा' ही मागणी तिन्हींत नापास. 'पहिला हप्ता ३० जूनपर्यंत वितरित व्हावा' ही तिन्हींत पास.

उरलेल्या चौदा मागण्या फेकू नका. तारीख टाकून वहीत ठेवा, पुढच्या वर्षी लागतील. ज्यांची मागणी मागे पडली त्यांना तसं स्पष्ट सांगा, नाहीतर ते तिसऱ्या महिन्यात गळतात.

टप्पा ४: पुरावा गोळा करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एप्रिल ते जुलै हेच करा.

आधी शासन निर्णय शोधा. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार ते मिळतात. प्रत्येकावर क्रमांक, दिनांक आणि शेवटी संगणक संकेतांक असतो. तुमची मागणी अनेकदा जुन्या निर्णयात आधीच मान्य असते, फक्त अमलात येत नाही. तसं असेल तर तुमची भाषाच बदलते: नवीन काही मागत नाही, तुमच्याच निर्णयाची अंमलबजावणी मागतो. अधिकाऱ्यालाही सही करणं सोपं जातं. नंतरच्या शुद्धिपत्रकाने किंवा नव्या निर्णयाने जुना रद्द झाला नाही ना, ते मात्र बघा. रद्द निर्णयाचा दाखला दिला की आपलं सगळंच म्हणणं पोकळ ठरतं.

मग माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. लोक लांबलचक अर्ज करतात आणि 'उशीर का होतो?' असं विचारतात. 'का' विचारू नका. कागदावर नोंद असलेली माहितीच मिळते, कारणमीमांसा मिळत नाही. असं विचारा (लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पातलं त्या खर्चाचं खातं):

'अमुक लेखाशीर्षाखाली गेल्या तीन आर्थिक वर्षांत नागपूर जिल्ह्यासाठी मंजूर झालेली तरतूद, प्रत्यक्ष प्राप्त रक्कम व प्राप्तीचा दिनांक, तसेच संस्थांना वितरित केल्याच्या आदेशांच्या प्रती मिळाव्यात.'

एवढंच. या उत्तरातून पैसा नेमका कुठे अडतो ते दिसतं: मुंबईहून पुण्याला यायला वेळ लागला, पुण्याहून नागपूरला, की नागपुरात येऊन तो महिनाभर पडून राहिला. तीनही ठिकाणांसाठी पुढचं टेबल वेगळं आहे. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील करा आणि तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत दुसरं. दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे. पण या वर्षीचं काम त्या निकालावर अवलंबून ठेवू नका.

तिसरा पुरावा तुमच्याकडेच आहे आणि तोच कोणी आणत नाही. प्रत्येक संस्थेने एकाच नमुन्यात तक्ता भरावा: मंजूर मुलं, हजर मुलं, देय रक्कम, मिळालेली रक्कम, मिळाल्याचा दिनांक, त्या दिवशीची उधारी. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका. एका वसतिगृहाच्या अधीक्षक ताईंनी बैठकीला इतवारीतल्या किराणा दुकानाची उधारीची वही आणली होती. लाल पुठ्ठ्याची, कोपरे तेलाने काळवंडलेले. जुलैपासून पानंच्या पानं: तूरडाळ, तेलाचा डबा, तांदळाचा कट्टा, पुन्हा तूरडाळ. मध्ये एके ठिकाणी दुकानदाराने पेन्सिलने लिहिलं होतं, 'ताई, थोडे तरी द्या.' सगळी उधारी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम फिटलेली. त्या दोन पानांची छायाप्रत आम्ही जोडपत्रात लावली. पुढच्या प्रत्येक टेबलावर अधिकाऱ्याचा हात तिथेच थांबला.

*सावधान:* आकडा फुगवू नका. एका संस्थेने हजर मुलं जास्त दाखवली आणि तपासणीत निघालं, तर पंधराही संस्थांचं म्हणणं खोटं ठरतं. तक्ता गटातल्या दुसऱ्या संस्थेने हजेरीपटाशी ताडून बघावा. मुलांची नावं, फोटो, आजार, घरची परिस्थिती यांतलं काहीही जोडपत्रात जाऊ देऊ नका.

टप्पा ५: एका पानाचं निवेदन

एक पान. दोन्ही बाजूंनी नाही, एका बाजूने. जोडपत्रं वेगळी.

वर 'प्रति' मध्ये व्यक्तीचं नाव नको, पदनाम हवं. माणूस बदलला तरी कागद चालत राहतो. त्याखाली विषय: 'वसतिगृहांच्या परिपोषण अनुदानाचा पहिला हप्ता ३० जूनपर्यंत वितरित करण्याबाबत.' मग संदर्भ: शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक, माहिती अधिकारात मिळालेल्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक. टपाल शाखेतला माणूस विषय आणि संदर्भ एवढंच वाचून कागद कोणत्या कार्यासनाकडे (त्या विषयाच्या टेबलाकडे) जाणार ते ठरवतो. या दोन ओळी चुकल्या तर कागद भटकतो.

मजकूर तीन परिच्छेदांचा. पहिल्यात आपण कोण: किती संस्था, कोणते तालुके, मिळून किती मुलं. दुसऱ्यात अडचण, आकड्यांसह, चार ओळींत. तिसऱ्यात मागणी, एका वाक्यात, आणि ती कोणत्या निर्णयाच्या कोणत्या परिच्छेदाप्रमाणे देय आहे ते. संत-महात्म्यांची वचनं, संस्थेचा इतिहास, मिळालेले पुरस्कार, 'आपण दीनदुबळ्यांचे कैवारी आहात' अशी वाक्यं सगळी काढा. आपण उपकार मागत नाही आहोत, त्यामुळे स्तुतीची गरज नाही. रागही नको. 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडू' हे वाक्य सवयीने लिहिलं जातं. ज्या दिवशी खरंच करणार असाल त्या दिवशी लिहा.

शेवटी संपर्कासाठी एकच नाव, एकच फोन. पाच नावं दिली तर फोन कोणालाच येत नाही.

*तपासा:* निवेदन संस्थेबाहेरच्या कोणाला तरी, शेजारच्या शिक्षिकेला, दुकानदाराला वाचायला द्या. त्यांनी मागणी आपल्या शब्दांत बरोबर सांगितली तरच छापा.

टप्पा ६: टेबलांचा क्रम

खालून वर जा. थेट मंत्र्यांकडे गेलात तर मंत्र्यांचा शेरा घेऊन कागद खालीच येतो आणि ज्या अधिकाऱ्याला वगळलं त्याच्याच टेबलावर पडतो. तो दुखावलेला असतो.

आधी जिल्ह्याचं कार्यालय. समाजकल्याणचं असेल तर दीक्षाभूमीजवळचं सामाजिक न्याय भवन, आदिवासी विकासचं असेल तर गिरीपेठ. पहिल्या फेरीत साहेबांना भेटण्याच्या आधी त्या विषयाचं टेबल सांभाळणाऱ्या लिपिकाला भेटा. आम्हाला एका कार्यालयात अशाच एका ताईंनी सांगितलं होतं, 'हे इथं द्याचं नाही, वरच्या माळ्यावर द्या लागते, अन् सोबत मागच्या वर्षीच्या उपयोगिता प्रमाणपत्राची झेरॉक्स लावा, नाहीतर त्रुटी निघते.' त्या एका वाक्याने आमचा एक महिना वाचला. अशा माणसाचं नाव लक्षात ठेवा, काम झाल्यावर त्यांना कळवा.

प्रत्येक ठिकाणी दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. आवक क्रमांक नाही म्हणजे कागद दिलेलाच नाही.

मग शेरे वाचायला शिका. 'तपासून सादर करा' म्हणजे फाईल जिवंत आहे, टिपणी तयार व्हायची आहे. 'उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित' म्हणजे कागद दुसऱ्या कार्यालयाकडे ढकलला, आता तिथे जा. 'दप्तरी दाखल' म्हणजे विषय बंद. तो दिसला तर तिथेच बसा आणि कारण लेखी मागा.

जिल्ह्यातून प्रस्ताव वर गेला की त्याच्या जावक क्रमांकासह आयुक्तालयात, आणि तिथून मंत्रालयात. मागणी जिल्हा स्तरावरच्या पैशाची असेल तर जिल्हा नियोजन समितीकडे जा. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. समितीचा आराखडा वर्षाच्या आधी ठरतो, म्हणून बैठकीच्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही. नियोजन अधिकाऱ्यांना दोन-तीन महिने आधी भेटा.

*नेहमीची चूक:* सामूहिक मागणी घेऊन लोकशाही दिनाला (लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या शासकीय दिवशी) जाणं. जिल्हा पातळीवर तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. धोरणाच्या किंवा गटाच्या मागण्या तिथे स्वीकारल्या जात नाहीत आणि आपला पूर्ण दिवस जातो.

टप्पा ७: अधिवेशन

नागपूरच्या संस्थांना एक फायदा आहे, तो मुंबई सोडली तर राज्यात दुसऱ्या कोणाला नाही: सगळं सरकार दर वर्षी आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये येतं. पण अधिवेशन थोड्या दिवसांचं असतं आणि त्या दिवसांत नवीन काही समजून घ्यायला कोणाकडे उसंत नसते. म्हणून आमदारांना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्यांच्या मतदारसंघातल्या कार्यालयात भेटा. तिथे अर्धा तास मिळतो.

कोणती गोष्ट कशातून मांडायची ते आधी ठरवा. तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो. त्याला मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं आणि त्या उत्तरासाठी खात्यातून माहिती मागवली जाते, हाच त्याचा खरा उपयोग. प्रश्न सभागृहात पुकारला गेला नाही तरी खात्याची धावपळ झालेली असते. लक्षवेधी सूचना अधिवेशन चालू असताना देतात, तातडीच्या विषयासाठी. औचित्याचा मुद्दा छोटा असतो, नोंद होते, पण त्यातून फार बांधील असं काही निघत नाही. आपल्या मागणीला तारांकित प्रश्न सगळ्यात योग्य.

आमदारांना निवेदन देऊन 'प्रश्न विचारा' म्हणू नका. प्रश्नाचा मसुदाच करून न्या, चार उपप्रश्नांसह: उशीर झाला हे खरं आहे काय, असल्यास कोणत्या जिल्ह्यात किती, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणं काय. सोबत जोडपत्र. एकाच पक्षाच्या आमदारांकडे जाऊ नका. सत्ताधारी दोन, विरोधी दोन, विधान परिषदेतले एक-दोन. प्रत्येकाला सांगा की इतरांनाही भेटलो आहोत. लपवलं तर कळतंच.

डिसेंबरात मग फक्त आठवण करायची. सकाळी आमदार निवास. मंत्र्यांसाठी रवी भवन, पण तिथे आधी वेळ घेऊनच. शिष्टमंडळात पाच माणसं, त्याहून जास्त नको. बोलणं तीन मिनिटांचं, घरी घड्याळ लावून म्हणून बघा.

मोर्चाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो शेवटचा मार्ग. त्याला पोलिसांची परवानगी, ठरलेला रस्ता, ठरलेली थांबायची जागा, आणि मुलांना मोर्चात आणायचं नाही म्हणजे नाही. टेबलांचा क्रम पूर्ण झाला आणि तरी काही हललं नाही, तर मग ताठ मानेने रस्त्यावर बसा. हातात आवक क्रमांकांची यादी असेल तर त्या बसण्याला वजन येतं.

मंत्र्यांनी सभागृहात 'कार्यवाही करू' म्हटलं की त्या दिवसाचं कामकाज मिळवून ते वाक्य कापून ठेवा. दिलेली आश्वासनं पाळली जातात का हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

टप्पा ८: तोवर संस्था चालली पाहिजे

मागणीच्या मागे धावताना घरची चूल विझू नये. गटाचा उपयोग इथेही करा. पाच लहान संस्थांनी मिळून एक चांगला हिशेबनीस ठेवला तर ३१ मेपर्यंत आयकर खात्याला द्यायचं देणगीदारांचं विवरणपत्र वेळेत जातं.

नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉईल या दोन सरकारी कंपन्यांची मुख्यालयं आहेत, बुटीबोरी-हिंगण्याला कारखाने आहेत. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि स्थानिक भागाला प्राधान्य द्यायचं असतं. तो पैसा घ्यायला संस्थेची सीएसआर-१ ही नोंदणी लागते. पण या पैशाने रखडलेलं अनुदान भरून काढायला जाऊ नका. कंपनी एका प्रकल्पासाठी देते, चालू पगारासाठी सहसा देत नाही. सोलर पाणीतापक, ग्रंथालय, स्वच्छतागृह अशी सुरुवात आणि शेवट असलेली कामं मागा.

टप्पा ९: पाठपुराव्याची वही

इथे बहुतेक गट सुटतात. मागणी मान्य झाली अशी बातमी येते, पेढे वाटले जातात आणि जूनमध्ये पैसे येत नाहीत.

एक वही ठेवा, एकाच माणसाकडे. रकाने: तारीख, कार्यालय, कोणाला भेटलो, आवक-जावक क्रमांक, काय म्हणाले, पुढची तारीख. दर पंधरा दिवसांनी एक फोन किंवा एक फेरी. भांडायला जायचं नाही, 'टिपणी कुठपर्यंत आली?' एवढं विचारायला जायचं.

बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात. नवे अधिकारी आले की पहिल्या पंधरवड्यात त्यांना भेटा, एक पान आणि आतापर्यंतच्या क्रमांकांची यादी द्या. मागच्या साहेबांनी तोंडी दिलेला शब्द नव्यांना बांधत नाही, म्हणून प्रत्येक भेटीनंतर 'आज झालेल्या चर्चेनुसार' असं दोन ओळींचं पत्र टपालात टाका.

शासन निर्णय निघाला की चार गोष्टी बघा: लागू कधीपासून, कोणत्या जिल्ह्यांना, कोणत्या लेखाशीर्षातून, आणि 'तरतुदीच्या अधीन राहून' असं वाक्य आहे का. असेल तर पुढच्या अर्थसंकल्पात तरतूद झाली का ते मार्चमध्ये तपासायचं. मग ३० जूनला पंधराही संस्थांनी आपापलं पासबुक भरून आणायचं. किती जणांकडे हप्ता जमा झाला, ते तारखेसह त्याच तक्त्यात लिहायचं. ज्यांचा आला नाही त्यांची यादी घेऊन १ जुलैला पुन्हा जिल्हा कार्यालयात, त्याच टेबलावर.

आणि वही सांभाळणाऱ्या माणसाच्या शेजारी पहिल्या महिन्यापासून दुसरं एक तरुण माणूस बसवा. प्रत्येक फेरीला त्याला सोबत न्या, आवक क्रमांक त्याच्या हाताने लिहू द्या.